आठव्याच्या आत चार बुश

लिंबाजीराव सोनकांबळे यांच्या फियाटच्या पुढच्या डाव्या चाकाखालून 'खड्' असा आवाज येतो, ही बातमी खुद्द लिंबाजीरावांच्या आधी अख्ख्या कॉलनीला ठाऊक झाली होती. आपल्या घोरण्याचा आणि आपल्या गाडीचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, ही निसर्गाने केलेली सोय आहे. घरासमोरच्या गटारावर एक शहाबादी फरशी टाकलेली होती. तिच्यावरून गाडी रस्त्यावर उतरली की खड्, परत चढली की खड्-खड्. गटार स्वतः कोरडं ठणठणीत होतं. गटारात जायला पाणी आधी घरात यावं लागतं, आणि लातूरच्या त्या भागात त्या उन्हाळ्यात ते नवव्या दिवशी यायचं, तेसुद्धा नळाच्या मनात असलं तर.

एरवी लिंबाजीरावांनी हा आवाज आणखी दोनतीन वर्षं सहज चालवून घेतला असता. पण एप्रिलच्या दोन तारखेला देगलूरहून पंचशीलेचं पत्र आलं.

पंचशीला त्यांची एकुलती एक लेक. सातवा महिना चालू होता. आधीची दोन पाचव्यातच गेली होती, दोन्ही देगलूरच्या त्याच घरात आणि त्याच खोलीत. पत्रात खुशालीच्या चार ओळी होत्या, उन्हाच्या दोन होत्या, आणि मग एकदम लिहिलं होतं, 'आबा, या खोलीत मला तिसऱ्यांदा झोपायचं नाही. मला घेऊन जा.' खाली तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे नागुबाईंच्या अटी होत्या. डॉक्टरणीने एसटीचा प्रवास साफ मना केला आहे, धक्का बसता कामा नये, मोटार घेऊन या. आणि आठवा लागायच्या आत या. आठव्यात आम्ही बाईला हलवत नाही. आठवा एकवीस तारखेला लागत होता.

छप्पन सालच्या धर्मांतरानंतर दोन्ही व्याह्यांच्या घरांतून अंगारे, नवस, शकुन सगळं हद्दपार झालं होतं. पण आठव्या महिन्याचं नागुबाईंनी सोडलं नव्हतं. 'ते देवाचं न्हाई, बाईच्या जातीचं हाय,' असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरणीनेही तेच इंग्रजीतून सांगितल्यामुळे लिंबाजीरावांना ते मान्य करायला काही अडचण उरली नाही.

त्यांनी उलट टपाली कार्ड टाकलं. 'वीस तारखेच्या आत येतो. गाडी उत्तम आहे. काळजी नसावी.' कार्ड पेटीत पडल्यावर घरी येताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काच खाली करून, कान देऊन आपल्या गाडीचा आवाज ऐकला. ऐकून ते गाडीतच बसून राहिले. त्यांच्या पत्नी भामाबाई दारात येऊन म्हणाल्या, "उतरा आता. लई दिवसापासून वाजून राहिली ती. मी म्हनलं, तुमाला म्हाईत असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती माणसं जमली. दुष्काळात माणसाला वेळ फार असतो. समोरच्या घरातले शेषेराव, औशाकडे तीस एकर कोरडवाहू असलेले आणि म्हणून दोन वर्षं कामाला हात न लावलेले, त्यांनी बोनेटवर थाप मारून सांगितलं, "सोनकांबळे साहेब, गाडी हलकी पडून राहिली. डिकीत मातीची दोन पोती टाका. वजनानं बसती गाडी. बैलगाडीचं बी तसंच हाय." शेजारचे बसलिंगप्पा यांची तेलाची घाणी होती. जगातल्या यच्चयावत आवाजांवर तेल हाच इलाज आहे असा त्यांचा कुलधर्म होता. "करडीचं तेल सोडा बघा. घाण्यावरचं. माझ्या मेहुन्याच्या गुडघ्याला सोडलं, बंद झाला आवाज." मेहुण्याचा गुडघा त्यानंतर वाकायचाही बंद झाला होता, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कोणी नाही.

लिंबाजीराव सुशिक्षित गृहस्थ. नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी दोघांचे आभार मानले आणि कोणाचं लक्ष नाहीसं पाहून संध्याकाळी मातीची दोन पोती टाकली. पुढचा आवाज होता तसाच राहिला, मागून एक नवा सुरू झाला. पोती काढताना मात्र सगळ्यांचं लक्ष होतं.

तेव्हा ग्यानोबा मिस्त्रीला बोलवावं लागलं. ग्यानोबा मूळचा विहिरीवरच्या इंजिनांचा मिस्त्री. त्याने अर्ध्या तालुक्याची इंजिनं उघडून परत मिटली होती. पण विहिरींनी तळ दाखवला, इंजिनं गोणपाट पांघरून बसली, आणि ग्यानोबा पोटासाठी मोटारींकडे वळला. तो गाडीखाली गेला, आतून पहारीने दोन हिसके दिले आणि तिथूनच बोलला.

"साहेब, बुश गेले."

"कोणते?"

"समदेच. चार. ह्या चाकाचे दोन, त्या चाकाचे दोन."

बुश म्हणजे काय, हे लिंबाजीरावांनी त्या दिवशी समजून घेतलं. चाकाला धरणारा एक लोखंडी हात असतो. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे एका नळीत रबराचं जाड कडं बसवलेलं असतं, तो बुश. खालून आलेला धक्का त्याने गिळायचा, वर जाऊ द्यायचा नाही. लोखंडाने लोखंडाशी भांडू नये म्हणून मधे घातलेलं रबर. ही व्याख्या लिंबाजीरावांना फारच पटली, कारण त्यांनी बावीस वर्षं साहेब आणि जनता यांच्या मधे बसून हेच केलं होतं. फियाटचंही वय बावीसच होतं. त्यांना त्या झिजलेल्या रबराविषयी एकदम आपुलकी वाटली.

बुश लातुरात मिळेनात. दुकानदार म्हणायचे, ट्रकचे घ्या. शेवटी कोणीतरी नांदेड सुचवलं. लिंबाजीराव रजा टाकून, जुन्या बुशाचा निखळलेला तुकडा जेवणाच्या डब्यात घालून, एसटीने नांदेडला गेले. सुटे भाग विकणाऱ्याने डबा उघडला, तुकडा उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्ये फियाटचं हाय व्हय? मला वाटलं, करपलेली बट्टी आनली कुनी." हा अपमान लिंबाजीरावांनी गिळला. धक्का वर जाऊ द्यायचा नाही, हे आता त्यांना तत्त्व म्हणूनच कळलं होतं. दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेला खोका काढून दिला. चार नवे कोरे बुश, आणि आत इंग्रजीत छापलेला सूचनांचा कागद. परतीच्या एसटीत लिंबाजीराव खोका मांडीवर घेऊन बसले होते. वाटेतल्या एका गावाला उतरणारी एक म्हातारी शेजारी होती. तिने विचारलं, "काय हाय, बाबा? नातवाला खेळनं व्हय?" लिंबाजीरावांच्या तोंडून "हाव" निघून गेलं. मग ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मैलोन् मैल काळी जमीन भेगाळून पडली होती आणि झाडांखाली सावलीलासुद्धा जनावरं उभी नव्हती, ती सगळी छावणीवर गेलेली.

बुश हाती आले त्या दिवशी तारीख होती सात. म्हणजे वेळ भरपूर होता. माणसाला असं वाटतं, तिथूनच त्याचे दिवस फिरायला लागतात.

आठ तारखेला कचेरीत लिंबाजीरावांच्या टेबलावर एक आदेश आला. टंचाईच्या पाहणीसाठी खाजगी वाहने ताब्यात घेणेबाबत. खाली यादी. यादीत सातव्या क्रमांकावर फियाट, मालक श्री. लिं. सो. सोनकांबळे. ही यादी जानेवारीत तयार झाली होती आणि ती लिंबाजीरावांनी स्वतःच्या हाताने तयार केली होती. त्या यादीत 'वाहनाची स्थिती' असा एक रकाना होता. इतर सहा जणांनी आपापल्या वाहनांविषयी 'नादुरुस्त', 'गिअर पडत नाही', 'धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही' अशी लाजलज्जा सोडून माहिती दिली होती. लिंबाजीरावांनी आपल्या नावापुढे लिहिलं होतं, 'उत्तम'. सायकलवरून कचेरीत येणाऱ्या माणसाने वीस वर्षांनी मोटार घेतली, की त्याच्या हातून दुसरा शब्द लिहवत नाही.

ते साहेबांकडे गेले. साहेब सज्जन होते. म्हणाले, "नादुरुस्त असल्याचा दाखला आणा, आत्ता नाव कमी करतो." दाखल्यासाठी गाडीची मूळ नोंद हवी. नोंद जुन्या जिल्ह्याच्या काळातली. जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली होती. जुन्या जिल्ह्याकडून कागदपत्रांचे गठ्ठे वाटणीत मिळाले होते, ते अजून सुतळीत बांधलेले पडून होते. पडून होते ते लिंबाजीरावांच्याच शाखेत, त्यांच्याच खुर्चीमागे. 'मांडण्या मंजूर झाल्याशिवाय गठ्ठे सोडू नयेत' असा शेरा त्यांवर होता, आणि सही लिंबाजीरावांची होती. बरं, सुतळी सोडून नोंद मिळवली, दाखला मिळवला, तरी एकदा नादुरुस्त ठरलेली गाडी फेरतपासणीपर्यंत महिनाभर रस्त्यावर आणता येत नव्हती. तो नियम त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी चाव्या दिल्या.

गाडी चार दिवस पाहणीला गेली. अधिकारी आटलेली तळी पाहत हिंडले. तळं आटलं आहे हे लांबून दिसतं, पण नियमाप्रमाणे तळाशी जावं लागतं, आणि तिथपर्यंत गाडी नेली होती. बारा तारखेला फियाट परत आली तेव्हा दोन्ही चाकांतून खड् येत होतं आणि वळताना आणखी काहीतरी कण्हत होतं. सोबत फाइलवर शेरा होता. 'वाहन अतोनात खडखडते. स्थितीच्या रकान्यातील माहिती दिशाभूल करणारी. संबंधितांकडून खुलासा मागवावा.' खुलासा मागवण्याची पत्रं हेडक्लार्क काढतो. लिंबाजीरावांनी स्वतःला एक कडक पत्र लिहिलं, आवक-जावक करून स्वतःच घेतलं, आणि स्वतःची क्षमा मागणारा खुलासा लिहून स्वतःच्याच टेबलावर ठेवला. तो वाचून त्यांना तो असमाधानकारक वाटला.

तेरा तारखेला ग्यानोबा एका लग्नाला गेला, तो परतला पंधराच्या रात्री. चौदा तारीख जयंतीची. त्या दिवशी कामाचं नाव काढायची सोय नव्हती. मंडळाने यंदा बँडबाजा अर्धा करून त्याच्या जागी पाण्याचा टँकर मागवला होता. मिरवणूक चौकात आली आणि टँकर आलाच नाही. लोक कोरड्या घशाने जयभीम म्हणत राहिले आणि लिंबाजीरावही म्हणत होते, पण मनात दिवस मोजत होते.

सोळा तारखेला अखेर ग्यानोबाने फियाट दगडांवर चढवली, चाकं काढली, हात सोडवले. जुने बुश पोलादी पंचने ठोकून बाहेर काढले. ते निघाले तेव्हा त्यांचं रबर चिमटीत कुस्करत होतं. मग नवे बसवायची वेळ आली. बुश नळीपेक्षा किंचित जाड असतो आणि तो दाबून आत घालावा लागतो. लिंबाजीरावांनी चष्मा लावला, इंग्रजी कागद उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मराठीत वाचला. "बुश बसवताना साबणाचे पाणी लावावे. तेल अथवा ग्रीस कदापि लावू नये."

"किती पानी?" ग्यानोबाने विचारलं.

"तांब्याभर पुरे."

या तांब्याभर पाण्यापाशी सगळं अडलं. नळ येऊन सहा दिवस झाले होते. लिंबाजीरावांच्या घरात प्यायचा एक हंडा होता, तो अर्धा. आणि न्हाणीच्या कोपऱ्यात एक पत्र्याचं पिंप होतं. पत्र आल्यापासून भामाबाईंनी अंघोळीतून, भांड्यांतून, स्वतःच्या तहानेतून तांब्या तांब्या वाचवून ते भरत आणलं होतं. वर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला गाठ. लिंबाजीराव तांब्या घेऊन तिकडे वळले आणि भामाबाई पिंपासमोर उभ्या राहिल्या.

"हात लावू नगा. ते लेकीचं हाय."

"अगं, लेकीसाठीच चाललंय हे. एक तांब्या फक्त."

"आज एक तांब्या बुशाला, उद्या एक इंजिनाला. ती दोन गमावून येऊन राहिली. पहिल्या दिवशी तिला न्हाऊ कशानं घालू? बुशानं?" लिंबाजीराव तांब्या घेऊन तसेच बाहेर आले.

ते रिकामा तांब्या घेऊन शेषेरावांकडे गेले. शेषेराव म्हणाले, "जीव मागा साहेब, देतो," आणि विषय बदलला. मग त्यांनी पाण्याऐवजी दुसरा एक उपाय सुचवला. तो खर्चाचा नव्हता आणि प्रत्येक माणसाजवळ असतो, पण हेडक्लार्कच्या गाडीला तो लावणं लिंबाजीरावांना पटलं नाही. कचेरीतला माठ पालथा घातलेला होता. चौकातला हॉटेलवाला चहा देतो म्हणाला, पाणी नाही.

बसलिंगप्पा आपल्या ओट्यावरून हे सगळं बघत होते. ते आत गेले आणि किटली भरून करडीचं तेल घेऊन आले. पिवळंधमक, घाण्यावरचं, ताजं. "पानी मागू नका, साहेब. तेल घ्या. पायजे तेवढं घ्या. दुष्काळात बी बसलिंगप्पाच्या घरी तेलाला कमी न्हाई."

"पण कागदात लिहिलंय, तेल कदापि लावू नये," लिंबाजीराव म्हणाले.

ग्यानोबाच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा आली. "साहेब, तीस वर्षं झाली हत्यार हातात घेऊन. तेल लावल्यानं बिघडली अशी चीज म्या दुनियेत पाहिली न्हाई. कागद लिहिनाऱ्याच्या गावात पानी असंल. त्याला काय जातं लिहायला?"

हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय तारीख सोळा होती. बसलिंगप्पांच्या तेलाच्या शुद्धतेचा प्रश्न उपस्थित झाल्यासारखं वातावरण झालं होतं, आणि शेजारधर्मही होताच. लिंबाजीरावांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

बुश तेलात बुडवले आणि असे आत गेले की लोकांनी वाहवा केली. चाकं चढली. अठरा तारखेला फियाट फरशीवरून खाली उतरली आणि आवाज आला नाही. परत चढली, परत नाही. शेषेराव गाडीत बसून चौकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "पाळना हाय, पाळना!" लिंबाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी घाईने पुसलं. रबर तेल पितं, पिऊन फुगतं आणि फुगून सडतं, हे त्या घोळक्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. कागदाला तेवढं माहीत होतं.

एकोणीस तारखेला पहाट उजाडताच ते निघाले. मागच्या सीटवर गादी अंथरली होती, त्यावर दोन उशा. भामाबाईंचा जीव लेकीकडे जायला तळमळत होता, पण त्या दिवशी नळ यायचा होता. घरात माणूस नसेल तर पुढचे नऊ दिवस पाणी नाही. "तिला म्हनावं, आई नळासाठी राहिली," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "असं नका म्हनू. म्हनावं, सैपाक करून राहिली."

नळेगावपर्यंत गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. लिंबाजीराव स्वतःशी गुणगुणत होते. येताना कुठे थांबायचं, लेकीला कुठे पाय मोकळे करायला लावायचे, त्या जागा ते हेरत चालले होते. उदगीरही छान मागे पडलं. उदगीरच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर डाव्या चाकातून 'फच्' असा ओला आवाज आला. हा आवाज नवीन होता. त्यांनी ऐकला नाही असं ठरवलं. दुसऱ्यांदा फच् झालं आणि मग आपला जुना, ओळखीचा, धडधाकट खड्!

उतरून ते रस्त्यावर पालथे पडले आणि खाली वाकून बघितलं. डाव्या चाकाचे दोन्ही बुश नळीतून फुगून बाहेर आले होते, चहात बुडवलेल्या पावासारखे. बोट लावलं तर रबर बोटाला चिकटून आलं. त्याला करडीच्या तेलाचा खमंग वास येत होता. उजवीकडचे अजून आत होते, पण सुजले होते. चाक वरच्या बाजूने आत कललं होतं.

उरलेलं अंतर फियाट माणसाच्या चालीने गेली. छावणीकडे चाललेला जनावरांचा एक तांडा मागून आला आणि पुढे निघून गेला. बरगड्या मोजाव्यात अशी जनावरं, पण गेली पुढे. हाकणारा खिडकीशी येऊन चालत चालत म्हणाला, "इंजिन बंद करा की मालक, फुकट जळून राहिलं. म्या ढकलू का?" प्रत्येक खड्ला लिंबाजीराव मागच्या गादीकडे बघत होते. गादी दर धक्क्याला टुणकन उडत होती. एकदा एक उशी खाली पडली. त्यांनी गाडी थांबवून ती वर ठेवली आणि तेव्हाच त्यांना कळून चुकलं. तरी ते चालवत राहिले.

देगलूरला ते दुपारी पोचले. पंचशीला ओट्यावर बसली होती. वेणी घातलेली, इस्त्रीचं लुगडं, शेजारी पत्र्याची पेटी आणि पेटीवर पिशवी. ती बहुधा सकाळपासूनच तशी बसलेली असावी. चेहरा सुजला होता आणि पोट तिच्या बारीक अंगाला न शोभेल इतकं पुढे आलं होतं. गाडी गल्लीत वळली, खड् झालं, आणि तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. नागुबाई बाहेर आल्या. जावई परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होते.

"जयभीम, इवाई. या, बसा. पानी घ्या," नागुबाई म्हणाल्या. त्यांच्या गल्लीतला हापसा अजून चालू होता. तांब्या काठोकाठ भरलेला होता. लिंबाजीरावांनी तो एका दमात रिकामा केला. नागुबाईंनी लगेच दुसरा दिला.

मग लिंबाजीराव कामाला लागले. देगलुरातल्या मिस्त्रीने चाकाकडे बघून वास घेतला आणि विचारलं, "ह्यात भजी तळली का साहेब?" बुश हैदराबादहून येतील, चार दिवस लागतील. भाड्याच्या जीपा विचारल्या. होत्या नव्हत्या त्या सगळ्या टंचाईच्या कामाला ताब्यात घेतलेल्या. हा आदेश तर त्यांच्या ओळखीचाच होता. ऊन उतरायच्या सुमाराला ते परत आले, तेव्हा पंचशीला ओट्यावर तशीच बसली होती.

नागुबाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. दोनदा त्यांनीच त्या खोलीत लेकीसारखं तिला उचललं होतं. त्या म्हणाल्या, "इवाई, म्या अडवत न्हाई. तिचा जीव हितं रमत न्हाई, मला दिसतं. आजचा आन उद्याचा दिस हाय. तुमी फकस्त म्हना, गाडी बरी हाय. तुमची जबान मला बस. मी पहाटं बशिवते तिला."

लिंबाजीरावांनी पंचशीलेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, पेटीच्या कडीला धरून. इतके दिवस ते ज्याला त्याला सांगत आले होते, गाडी उत्तम आहे. यादीत लिहिलं, कार्डावर लिहिलं. आताही तो शब्द त्यांच्या तोंडाशी आला. त्यांना गादी उडताना दिसली.

"गाडी बरी नाही," ते म्हणाले. "हिला त्यात नेता येणार नाही."

नागुबाई चहाच्या निमित्ताने आत गेल्या. पंचशीलेने कडी सोडली. तिने हळूच विचारलं, "आबा, गाडीचंच न? का घरी पानी न्हाई म्हनून?"

"गाडीचंच," लिंबाजीराव म्हणाले.

ते खरं होतं. पण ते म्हणताना त्यांना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बाळंतीण आणि तान्हं बाळ नवव्या दिवशीच्या नळावर कसं निभवायचं, हा प्रश्न इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. बुशांच्या मागे धावताना तो विचारायची गरज पडली नव्हती. आता तो सुटला होता आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा पंचशीला त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने ते पाहिलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "पेटी जड हाय, आत ठिवा तेवढी."

पेटी त्यांनी उचलली आणि तिच्यामागून त्या खोलीत नेऊन ठेवली. रात्री ते बाहेरच्या ओट्यावर झोपले.

सकाळी मिस्त्रीने चाकाच्या हाताला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून दिल्या आणि सांगितलं, एकटे असाल तर लातूर गाठाल. निघताना पाहतात तो नागुबाई आणि गल्लीतल्या दोघी बाया हापशावरून पाण्याचे कॅन भरून आणत होत्या. पंचशीला दारात उभी राहून कुठे ठेवायचे ते सांगत होती. सहा कॅन झाले. डिकीत दोन मावले. उरलेले चार तिने मागच्या सीटवर, गादीवर उभे करायला लावले आणि पडू नयेत म्हणून दोन्हीकडून उशा लावल्या.

"आईला द्या," ती म्हणाली. "म्हनावं, मी बरी हाय."

लिंबाजीरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी सुरू केली.

लातूर यायला दुपार झाली. कॉलनीत शिरताना खड् ऐकून लोक बाहेर आले. शेषेराव आले, बसलिंगप्पा ओट्यावर उभे राहिले. भामाबाई दारातून धावतच आल्या. केस विंचरलेले, स्वच्छ लुगडं. नळ आलेला दिसत होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. मागचं दार उघडून लेकीला धरायला दोन्ही हात आत घातले आणि ते तसेच राहिले.

भामाबाईंनी एका कॅनवर हात ठेवला.

"पंचशीला?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. तिनं पाठवलंय."

भामाबाई कॅनकडे बघत राहिल्या. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "गोडं हाय का?"

"हो. गोडं आहे."

"मग वेगळं ठिवावं लागंल. हंडा आनते."

त्या आत गेल्या. लिंबाजीराव गाडीचं दार धरून उभे राहिले. बसलिंगप्पांनी ओट्यावरून विचारलं, "काय साहेब, कशी पळाली गाडी?"

"चांगली पळाली," लिंबाजीराव म्हणाले.

हंडा दारामागेच असायचा. बराच वेळ झाला तरी भामाबाई बाहेर आल्या नाहीत.